नणंदेचं माहेरपण

मी लग्न होऊन जळगाव जामोदला आले तेव्हा त्या घरातला पहिला चेहरा पाहिला तो माझ्या नणंदेचा, आणि तोही जमिनीजवळ. नव्या नवरीनं मान खाली घालून उभं राहायचं असतं, त्यामुळे मला नुसते पायच दिसत होते. अनवाणी, भेगाळलेले, जोडव्यांचे, पैंजणांचे. त्या पायांमधून वाट काढत चार चाकांची एक लाकडी फळी गडगडत पुढं आली. फळीवर माझ्याच वयाची एक मुलगी, दोन्ही हातांत लाकडाचे ठोकळे. त्या ठोकळ्यांनी जमीन मागं रेटत ती थेट माझ्या पुढ्यात येऊन थांबली आणि खालून वर माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "वयनी, डोये तं चांगले हायेत तुहे. मंग जमिनीत काय शोधून राह्यली?"

मी फसकन हसले. नवी नवरी दारात हसली म्हणून सासूबाईंच्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या त्या पुढं बरीच वर्षं कमीजास्त होत राहिल्या, पण पूर्ण अशा कधी गेल्या नाहीत.

त्याच दिवशी आमचं भांडणही झालं. माजघराच्या उंबऱ्यापाशी तिची फळी अडली असं मला वाटलं. मी चांगुलपणानं वाकून मागून ढकलायला गेले, तर तिनं ठोकळा माझ्या बोटांवर हाणला. "हात लावशीन तं बोट तोडीन." मी काही गरीब गाय नव्हते. माझ्या नाकावर राग कायम तयार असायचा, अजूनही असतो. मी म्हटलं, पडून राहा मग तिथंच. पण ती अडली नव्हतीच. उंबऱ्याच्या कडेला तिनं स्वतः बसवलेली लाकडाची उतरण होती, तिच्यावरून ती अशी सरसर पलीकडे गेली की मी वाकलेलीच राहिले. सायंकाळी तीच माझ्या खोलीत आली, माझ्या ट्रंकेची मोडलेली कडी बसवून दिली आणि निघून गेली. माफी तिला मागता येत नसे. मलाही येत नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

लहानपणी तिला ताप आला आणि तापाबरोबर दोन्ही पाय गेले. कंबरेखाली नुसत्या काटक्या उरल्या, त्या ती लुगड्यात गुंडाळून मांडीसारख्या ठेवायची. कंबरेवर मात्र तिचे खांदे एखाद्या पहिलवानासारखे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूर आपली राजधानी असं म्हणायचे, पण आमच्या घरात कोणी ती पाहिलेली नव्हती. आमचं जग एका बाजूला सातपुड्याला टेकायचं आणि दुसऱ्या बाजूला नांदुऱ्याच्या स्टेशनावर संपायचं. नांदुरा हे माझं माहेर. सासरचा मळा जळगावच्या उत्तरेला, घर मळ्यातच. वांगी, मिरच्या, कांदे आणि एका कोपऱ्यात पानवेली. घरात माणसं चार: सासूबाई, माझा नवरा, त्याची ही बहीण आणि मी. सासरे आधीच गेलेले.

नणंदेची खोली मळ्याच्या तोंडाशी होती. तिथली प्रत्येक वस्तू हातभर उंचीवर. चूल, फडताळ, खुंट्या, आरसा, सगळं. त्या खोलीत उभ्या माणसाचीच पंचाईत व्हायची, सारखं कशाला तरी डोकं लागायचं. विहिरीवर तिनं दोन कप्प्या लावून दोर असा फिरवला होता की काठापासून दूर बसून ती पाण्याची बादली स्वतःकडे ओढून घेई. तिच्या खाटेपासून मळ्यात चारी बाजूंना सुतळ्या गेलेल्या, सुतळ्यांच्या टोकाला घासलेटचे रिकामे डबे. मिरच्यांवर पोपट उतरले की ती खाटेवर बसल्या बसल्या एक सुतळी ओढी आणि मळ्याच्या त्या टोकाला खडखडाट होई. दुपारी सगळं घर निजलेलं असताना मध्येच तो डबा वाजायचा, पोपटांचा थवा हिरवा होऊन उठायचा आणि परत सगळं शांत. माझ्या सासरच्या दुपारी मला अशाच आठवतात. त्या एका झोपेच्या आत सरकत गेल्यासारख्या होत्या.

पण हे सगळं तिच्या लेखी घरकाम. तिचं खरं काम म्हणजे महालक्ष्म्यांची आरास.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. इकडे त्यांना कोणी गौरी म्हणत नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांसाठी माहेरी येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यांच्यापुढं आरास करायची, तर लोक काय करतात? फराळाची ताटं, चार बाहुल्या, झालं. माझ्या नणंदेनं एक गाव केलं होतं. आणि ते गाव चालायचं.

पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, त्यातून ती माणसं कोरायची. मोटेवरचा गडी, त्याची बैलजोडी, कापूस वेचणाऱ्या बाया, पानांची टोपली घेतलेला पानवाला, छडी उगारलेले पंतोजी. गावाच्या मागं पडदा, पडद्यामागं उंच टांगलेला वाळूचा डबा. डब्याच्या बुडाला भोक. त्यातून वाळूची बारीक धार एका रहाटपाळण्यासारख्या चाकावर पडायची, चाक फिरायचं, चाकाला दांडा, दांड्याला दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर सगळं गाव कामाला लागायचं. मोट विहिरीत जायची, वर येऊन खरंच पाणी ओतायची. बाया वाकायच्या, उठायच्या. पंतोजींची छडी वर जायची, खाली यायची. आगगाडी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरायची. आगगाडी तिनं एकदाच पाहिली होती, तापानंतर नांदुऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा, बापाच्या खांद्यावरून.

वाळू पूर्णेची. माझा नवरा पोत्यात आणायचा आणि ती चाळून, उन्हात पसरून, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून वाळवायची. एक ओला कण राहिला तरी गाव अडतं म्हणायची. आरास चालू असताना ती स्वतः पडद्याआड, चौरंगाखाली बसलेली असे. खालचा डबा भरला की कप्पीनं वर चढवायचा, वरचा रिकामा झाला की खाली घ्यायचा. लोक बाहेरून "आहा" म्हणायचे. दुसरबीडहून सोयरे यायचे, गावातली निम्मी माणसं यायची, पोरं तर हलायचीच नाहीत.

मी एकदा तिच्याजवळ खाली जाऊन बसले होते. खाली अंधारलेलं, एरंडेलाचा वास, आणि डोक्यावर वाळू पडत असल्याचा बारीकसा आवाज, न थांबणारा. वर सगळं गाव चालत होतं आणि खाली ते फक्त ऐकू येत होतं. मला तिथून उठावंसंच वाटेना. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "बाई, तुमच्या गावात सगळे चालतेच कसे? एकही जण बसलेला नाही."

"बसनारी हाय न," ती डबा ओढत म्हणाली, "खाली रेती भरून राह्यली."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला, कारण तिला कीव केलेली आवडत नसे.

आता रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे झालं. आमच्या घरी ज्येष्ठेचा मुखवटा सून घरात आणते आणि कनिष्ठेचा मुखवटा माहेरी आलेली लेक आणते. तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची. त्या पावलांवरून दोघी चालत येतात. मागून घरची मोठी बाई थाळी वाजवत विचारते, कोण आलं? दोघी म्हणतात, महालक्ष्मी आली. कोणत्या पावलानं आली? सोन्याच्या पावलानं आली. माझ्या सासऱ्यांची बहीण होती तोवर दर भाद्रपदात ती माहेरी यायची आणि कनिष्ठा आणायची. ती म्हातारी वारली, आणि जागा रिकामी झाली. मला वाटलं, घरात लेक आहे की.

सासूबाईंनी शेजारच्या मळ्यातली, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी बोलावली. ती बिचारी अवघडलेली, कनिष्ठेचा मुखवटा पोटाशी धरून डुलत डुलत आली. माझी नणंद पडद्याआड होती. थाळी ऐकू येताच तिनं वाळू सोडली. गाव चालू लागलं. मी ज्येष्ठा ठेवली आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं तर ती दोन्ही हातांनी डबा धरून बसली होती. डबा तर टांगलेला होता, धरायची काही गरज नव्हती.

विसर्जन झाल्यावर तिनं विचारलं. माझ्यासमोर विचारलं, सरळ विचारलं. "माय, कनिष्ठा पुढच्या साली मी आनतो."

सासूबाई गहू पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "तू कशी आनशीन?"

"मांडीवर घेऊन आनीन. फळीवरून. पडू नाई देत."

"पडायचं नाई म्हनत मी. महालक्ष्मी माहेरवाशीन हाय. माहेरवाशिनीच्या हातानंच येते. माहेराले येयासाठी पयले घरातून जा लागते न वं. तू तं घरातच हायेस. गेलीच नाई तं येशीन कुठून?"

मी आजवर पुष्कळ बोलणी ऐकली आहेत, खाल्ली आहेत, दुसऱ्यांना वाढलीही आहेत. पण इतकं शांतपणे बोललेलं इतकं लागणारं मी दुसरं ऐकलेलं नाही. सासूबाईंच्या मनात काळंबेरं नव्हतं, हेच तर वाईट. त्यांना ती रीत मोडली तर घरावर काही येईल अशी खरीखुरी भीती होती. लेकीचे पाय जाताना त्यांनी पाहिले होते. त्यानंतर त्या देवाशी कसलाही खेळ करत नसत. पण मला तेव्हा हे कुठलं सुचायला. मी तडतडले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. म्हटलं, आत्याबाई, शेजारच्या लेकीच्या पोटातलं लेकरू चालतं, आणि पोटची लेक चालत नाही? सासूबाईंनी सूप ठेवलं आणि आत गेल्या. नवरा म्हणाला, तू मधे कशाला पडतेस. त्यालाही मी चार शब्द सुनावले.

नणंद मात्र रडली नाही, रागावली नाही. ती आपल्या खोलीत जाऊन बसली आणि मग म्हणाली, "मायचं बराबर हाय वयनी. जा लागन."

"कुठं?"

"कुठीबी. घराबाहेर. तुह्या माहेराले जाऊ?"

दिवाळीनंतर तिनं गाडी करायला घेतली. फळीवरून अंगणात फिरता येई, रस्त्यानं नाही. माझ्या नवऱ्यानं नांदुऱ्याहून मोडकी सायकल आणून दिली, तिची दोन चाकं मागं लावली. पुढं लहान चाक, ते हातानं वळवायचं. पायडल होते ते तिनं छातीसमोर उंच बसवले, हातांनी फिरवायला, आणि साखळी तिथून खाली मागच्या चाकांना. सुताराकडून तिनं फक्त लाकूड घेतलं, हात कोणाचा लागू दिला नाही. पहिल्यांदा गाडी मागंच जायची. मग पुढं जायला लागली पण वळेना, आणि एकदा अख्खी कांद्याच्या वाफ्यात गेली. कांद्यात आडवी पडून ती इतकी हसत होती की सासूबाई ओसरीवरून "काय झालं, काय झालं" करत धावल्या आणि हसणं पाहून तशाच माघारी फिरल्या. हिवाळाभर त्या खोलीतून कानस चालल्याचा आवाज यायचा. गव्हावर दव पडलेलं, सातपुडा धुक्यात बुडालेला, आणि त्या धुक्यात घासणारी ती एक कानस. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला तो आवाज ऐकू येई आणि घर अजून आहे असं वाटे.

माझे वडील नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. ते मला भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, नणंदेच्या हाताजोगं तिथं काही काम आहे का. कापसाच्या गाठींवर मार्का उठवायला पत्र्याचे छापे लागतात, अक्षरं कोरलेले. ते कापणारा म्हातारा थकला होता. वडिलांनी नणंदेनं कोरलेले पंतोजी हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, येऊ दे.

चैत्रात आम्ही निघालो. मी बैलगाडीत, नवरा बैलांपाशी, आणि ती आमच्या पुढं, आपल्या गाडीवर, हातांनी पायडल फिरवत. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होते. सासूबाई दारात आल्या नाहीत. आतूनच मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आठ रोजात वापस येते का नाई पाहा."

पूर्णेचं पात्र कोरडं होतं, मधोमध पाण्याची एक पातळ पट्टी. वाळूत तिची चाकं रुतली. नवरा खाली उतरायला लागला तशी ती ओरडली, "तथीच राह्य!" तिनं गाडीत दोन तरटं आणली होती. एक चाकांपुढं अंथरायचं, त्यावरून जायचं, मग मागचं ओढून पुढं अंथरायचं. ऊन डोक्यावर आलं. बैल रवंथ करत राहिले, मी गाडीच्या सावलीत बसून पाहत राहिले. त्या पांढऱ्या वाळूत ती इतकी हळू सरकत होती की मधूनच मला वाटायचं ती जागीच आहे आणि नदीच मागं चालली आहे. पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिनं मूठभर वाळू उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाली, "चांगली सुकलेली हाय."

मी महिनाभर माहेरी राहून परत आले. ती राहिली. माझ्या आईजवळ जेवायची, ओसरीवर बसून छापे कापायची, आणि रोज संध्याकाळी गाडी घेऊन स्टेशनाच्या फाटकापाशी जायची, आगगाडी पाहायला.

तिच्याविना घर कसं झालं ते काय सांगू. पोपटांनी मिरच्या फस्त केल्या. ती कुठल्या पोपटाला कुठली सुतळी ओढायची ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. कप्पीचा दोर सासूबाई उलटा ओढायच्या आणि बादली परत विहिरीत जायची. "काय करून ठेवलं पोट्टीनं," असं चिडून म्हणायच्या, आणि मग तिथंच काठावर बसून राहायच्या. एकदा मी त्यांना तिच्या खोलीत पाहिलं. ज्या खोलीत आपण वाकून जायचो तिथं त्या खाली जमिनीवर बसल्या होत्या, लेक बसायची तशा, आणि सगळीकडे पाहत होत्या. मी पाऊल न वाजवता माघारी आले.

भाद्रपद आला. नांदुऱ्याच्या एका व्यापाऱ्याबरोबर तिचा निरोप आला होता, महालक्ष्म्यांना येतो म्हणून. पण चार दिवस पाऊस लागलेला, पूर्णा भरून वाहत होती. आमच्याकडची काळी माती पावसात कशी होते ते इकडच्याला सांगायला नको. तिच्यात बैल रुततात, तिथं ही हातगाडी. माझा नवरा आदल्या दिवशीच बैलगाडी घेऊन नदीवर गेला. सासूबाईंनी शेजारच्या मळ्यातल्या त्याच मुलीला, ती सणाला माहेरी आली होती, कनिष्ठा आणायला सांगून ठेवलं. मी विचारलं, बाई येणार आहेत ना? त्या म्हणाल्या, "नदी कोनाले इचारते?" पण सकाळपासून त्यांचं लक्ष कशात नव्हतं. पुरण दोनदा खाली लागलं.

पावलं काढून झाली. शेजारची मुलगी नटून येऊन बसली. ऊन पडलं होतं, पावसानंतर पडतं तसं पिवळं, आणि ओल्या मळ्यातून वाफा निघत होत्या. थाळी हातात घेऊन सासूबाई तुळशीपाशी उभ्या, आणि मला वाटलं, संपलं, नाही येत आता.

तेवढ्यात वाटेच्या वळणावर ती दिसली. डोक्यापासून चिखलानं माखलेली, लुगड्याचा रंग कळत नव्हता. चाकं म्हणजे मातीचे दोन गोळे. पायडल फिरवायची, थांबायची, काडीनं चाकातला चिखल काढायची, पुन्हा फिरवायची. तिच्या मागं माझा नवरा, आणि त्याच्यामागं आमची बैलगाडी, रिकामी. नावेनं पूर्णा ओलांडून उतरल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. मी धावत सुटले नाही. तिला ते आवडलं नसतं. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं रडले.

थाळी शेजारच्या मुलीच्या हातात देऊन सासूबाई आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. सासरहून लेक आली की दारात करतात तेच. हे त्यांनी ठरवून केलं असं मला वाटत नाही. लेक लांबून आलेली दिसली आणि आईचे हात आपोआप कामाला लागले. भाकरीचा तुकडा लेकीवरून ओवाळून त्यांनी बाजूला टाकला, आणि पायांवर पाणी घालायला वाकल्या. पाय कुठं होते? त्या क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या. मग त्यांनी चाकांवर पाणी घातलं. आधी डाव्या, मग उजव्या. हातानं चिखल काढला, पुन्हा पाणी घातलं, आरे स्वच्छ दिसेपर्यंत. पदरानं पुसलं. लेक वरून त्यांच्या डोक्याकडे पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपली आई वरून दिसत असेल.

शेजारच्या मुलीनं न सांगता कनिष्ठेचा मुखवटा सासूबाईंच्या हातात दिला. गुणाची पोर. सासूबाईंनी तो लेकीच्या मांडीवर ठेवला. मी ज्येष्ठा घेतली. ओल्या चाकांनी कुंकवाची पावलं पुसत गेली आणि आमच्या मागं दारापासून देवघरापर्यंत दोन लाल रेघा उठत गेल्या. सासूबाई थाळी वाजवत मागून येत होत्या.

"कोन आलं?"

"महालक्ष्मी आली," आम्ही दोघी म्हणालो.

"कोन्या पावलानं आली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नणंदेचा आवाज फुटेना, आणि तिच्याशिवाय मलाही म्हणवेना. थाळी थांबली. मग मागून सासूबाईंचाच आवाज आला, भरलेला.

"आपल्या पावलानं आली."

आरास त्या साली दुसऱ्या दिवशी मांडली. नणंद सवयीनं पडद्याआड जायला निघाली तर सासूबाईंनी तिला अडवलं. माहेरवाशिणीनं काम करायचं नसतं. "तू बस समोर." आणि सासूबाई, गुडघे दुखतात म्हणून खाली वाकायला नकार देणाऱ्या माझ्या सासूबाई, रांगत चौरंगाखाली गेल्या. वाळू सोडताना त्यांची धांदल उडाली, पहिली धार चाकावर पडलीच नाही. मी सांगितलं तसं त्यांनी डबा सरकवला. आणि गाव चालू लागलं.

इतकी वर्षं तिनं ते गाव केलं होतं, पण ते चालताना समोरून कधी पाहिलं नव्हतं. ती गाडीवर बसून पाहत होती. मोट वर आली, पाणी ओतलं. बाया वाकल्या. आगगाडी बोगद्यातून बाहेर आली आणि तिनं पोरांसारखी टाळी वाजवली, मग लगेच म्हणाली, "चूक हाय. दांडा चाकाच्या बाहेरून फिरते. मी पाह्यलं नांदुऱ्याले." खालून सासूबाईंनी विचारलं, "चालून राह्यलं का वं?" तिनं सांगितलं, "हाव माय, चालून राह्यलं." त्या थोड्या थोड्या वेळानं पुन्हा विचारायच्या आणि ती पुन्हा तेच सांगायची. उन्हं उतरली, लोक येऊन गेले, तरी त्या दोघींचे ते सवालजबाब चालूच होते. मला अजूनही कधी डोळा लागता लागता वाळूचा आवाज येतो, आणि त्यातून ते दोन आवाज.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी नणंद गाडीला तेल घालायला लागली. मी म्हटलं, आता कशाला? झालं ना सगळं तुमच्या मनासारखं. मी खरंच समजत होते की ती घरी आली. ती म्हणाली, "छापे राह्यलेत न. आता हंगाम लागन. आन वयनी, गेली नाई तं पुढच्या साली येऊ कुठून?" मला तिचा भयंकर राग आला. त्या रीतीचा आला, स्वतःचा आला, वडिलांना कामाचं विचारणाऱ्या माझ्या तोंडाचा आला. पण तिचा चेहरा उजळलेला होता. नांदुरा तिला आवडलं होतं. तिथं तिला कोणी "बिचारी" म्हणत नव्हतं, छापेवाली म्हणत होते.

आम्ही तिला मळ्याच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, सोडायला गेलो. सासूबाईंनी तिच्या मांडीवर शिदोरी ठेवली, लुगडं सारखं केलं, उगाच पुन्हा सारखं केलं. मग गाडीच्या पाठीमागच्या दांड्यावर त्यांनी हात ठेवला. त्या दांड्याला कोणी हात लावलेला तिला चालत नसे. तिनं हात तसाच राहू दिला.

"आता कधी येशीन वं माय?" सासूबाईंनी विचारलं.

घरातल्या घरात असलेल्या लेकीला हे विचारायची त्यांच्यावर आजवर वेळच आली नव्हती. गावातल्या बाया आपापल्या लेकींना वाटे लावून, डोळे पुसत परतायच्या तेव्हा त्या मळ्यात निंदत बसलेल्या असायच्या.

"बलावशीन तवा," लेक म्हणाली, आणि पायडल फिरवू लागली.

गाडी वळणाआड गेली. मी सासूबाईंना म्हटलं, चला, ऊन होतंय. त्या धुऱ्यावर खाली बसल्या. पदर तोंडाशी धरून, मोठ्यानं, कोणाची भीडभाड न ठेवता त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता मला म्हणाल्या, "माही लेक सासरी गेल्यावानी गेली वं. रडू दे मले."